वाचलेला वेळ कोणाचा? विक्रोळीच्या टाइपरायटरपासून आजच्या एआयपर्यंत

आजच्या विषयावरून आमच्याच मंडळात थोडी कुरबूर झाली, हे आधी सांगून टाकतो. इतिहासाच्या व्याख्यानमालेत एआयचं काय काम, असं काहींचं म्हणणं होतं. आमचं म्हणणं असं की यंत्र नवं असलं तरी गोष्ट जुनी आहे. कचेरीत काम वाचवणारं यंत्र येतं, साहेब खूश होतात, कारकून धास्तावतात आणि दहा वर्षांनी बघावं तर सगळेच पूर्वीइतके, किंबहुना जास्तच कामात बुडालेले असतात. हे सगळं लांब कुठे नाही, घाटकोपर-मुलुंड आणि अंधेरी-बोरिवलीच्या लोकलच्या डब्यांत घडलेलं आहे.

आम्ही या साधनांचे विरोधक नाही. आम्हाला त्यांचा शौकच आहे म्हणा ना. बैठकीचं टिपण काढणारं, पत्राचा मसुदा करून देणारं, एक्सेलचं सूत्र सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही रोज वापरतो. आत्ता हे बोलणंसुद्धा समोर ठेवलेला फोन लिहून घेतोय. म्हणून आजचा प्रश्न ‘यंत्र चांगलं की वाईट’ असा नाहीच. यंत्रामुळे जो वेळ वाचतो तो जातो कुठे, आणि तो कुठे जावा हे ठरवतं कोण, एवढंच आपल्याला बघायचं आहे.

सुरुवात विक्रोळीपासून करू. १९५५ साली गोदरेजने संपूर्ण भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला. तोवर आपल्या कचेऱ्यांत परदेशी यंत्रं चालत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गोदरेज वर्षाला सुमारे ५०,००० टाइपरायटर काढत असे. पुढे मागणी आटली आणि २००९ च्या सुमारास उत्पादन थांबलं. या मधल्या पन्नासेक वर्षांत उपनगरात एक वेगळीच शाळा रुजली, ती म्हणजे टायपिंग क्लास. स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर, लाकडी जिना आणि वरून येणारा खडखडाट. दहावी-अकरावी झाली की मुलींना तिथे धाडायचं. मराठी मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ४० शब्द, हे आकडे तेव्हा घराघरांत पाठ होते. सरकारी प्रमाणपत्र हाती पडलं की फोर्टमधली नोकरी टप्प्यात येई. निम्न मध्यमवर्गातल्या कितीतरी मराठी मुलींच्या हाती स्वतःचा पगार आला तो या यंत्रामुळे. त्याचं ऋण विसरून चालणार नाही.

या यंत्राची एक खोड मात्र लक्षात ठेवा. चूक झाली की पान पुन्हा टाइप करावं लागे, तेही कार्बन लावून तीन-तीन प्रतींत. त्यामुळे साहेबाला मजकूर सांगण्याआधी विचार करावा लागे. चौथ्यांदा बदल सुचवायचा तर समोरच्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघायची त्याला चोरी होई. संगणक आला आणि दुरुस्ती फुकट झाली. फुकट झाल्यावर तिला धरबंध राहिला नाही. एका पत्राचे आठ मसुदे होऊ लागले. टायपिस्टचं पद हळूहळू गेलं, पण टायपिंग गेलं नाही. ते साहेबाच्या, इंजिनिअरच्या, प्राध्यापकाच्या अंगावर आलं. काम वाचलं असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ते फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकलेलं असतं.

आता दुसरा टप्पा. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणायचं ठरवलं तेव्हा कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला. कोलकात्यात तर ज्या इमारतीत यंत्र बसवायचं होतं तिच्यापुढे कामगारांनी रात्रंदिवस पहारा दिला. हा वाद इतका पेटला की केंद्र सरकारने स्वयंचलनाचा अभ्यास करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपले वि. म. दांडेकर, पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ. समितीचा अहवाल १९७२ साली आला. आज या विरोधाकडे ‘प्रगतीला आडवे आलेले लोक’ म्हणून हसत बघण्याची पद्धत आहे. आम्हाला ते पटत नाही. यंत्र येणार असेल तर आमचं काय, हे आम्हाला विचारून ठरवा, अशी ती मागणी होती. आणि ती पुढे काही अंशी पदरात पडलीसुद्धा. १९८३ साली बँकांचं व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. यंत्रं कोणत्या कामाला आणि कितपत, त्यावर काम करणाऱ्याला विशेष भत्ता किती, असे मुद्दे टेबलावर बसून ठरले. पुढे रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांत लेजर पोस्टिंगची यंत्रं दिसू लागली. तुमच्यापैकी जे बँकेतून निवृत्त झालेत त्यांना ते दिवस आठवत असतील. बदल सावकाश झाला, ग्राहकांनी कुरकुर केली, हे खरं. पण ज्याच्या हातून काम जाणार होतं तो चर्चेच्या खोलीत हजर होता.

तिसऱ्या टप्प्यात असं कोणी खोलीत नव्हतं. १९७३ साली अंधेरी पूर्वेला सीप्झ सुरू झालं, निर्यातीसाठी राखलेलं क्षेत्र. त्याच दशकात तिथे संगणकाचं काम आलं. पुढे २००० सालचं संकट निस्तरायला जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा शोधून दुरुस्त करणारी पोरं रात्रपाळीला सीप्झच्या फाटकातून आत जात. त्यानंतर मालाडपर्यंत कॉल सेंटरं पसरली. याच काळातलं एक काम फारसं कोणाच्या लक्षात नाही, ते म्हणजे मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन. अमेरिकेतल्या डॉक्टरने दिवसभरात बोलून ठेवलेली टिपणं इथे रात्री ऐकून टाइप करायची आणि तिकडे सकाळ व्हायच्या आत परत पाठवायची. मोबदला ओळींच्या हिशेबाने. मग आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर आलं. पहिला मसुदा यंत्र करू लागलं आणि टाइप करणारी मुलगी ‘एडिटर’ झाली. नाव मोठं झालं, ओळीमागचा दर मात्र उतरला, कारण आता ‘फक्त तपासायचं’ तर आहे. औषधाच्या मात्रेतला एक दशांश चिन्हाचा घोळ यंत्राने केला आणि तिच्या नजरेतून सुटला, तर चूक तिचीच.

मंडळी, आजच्या एआयची कहाणी आम्हाला या मुलीच्या खुर्चीत बसून जास्त स्पष्ट दिसते. यंत्र मसुदा देतं, झरझर देतं आणि अत्यंत आत्मविश्वासाने देतं. त्यातली खोटी तारीख आणि खरी तारीख सारख्याच ठसठशीत दिसतात. जबाबदारी मात्र तपासणाऱ्याची.

मराठीत हे ओझं अजून वाढतं. पवईच्या आयआयटीत भारतीय भाषांच्या संगणकीय अभ्यासाचं केंद्र २००० सालापासून आहे, तिथे मराठी शब्दजाल बांधलं गेलं. २०२४ साली त्याच आयआयटीच्या पुढाकाराने ‘भारतजेन’ हा भारतीय भाषांसाठीचा एआय प्रकल्प सुरू झाला. काम चांगलं चाललंय. तरी इंग्रजीच्या मानाने यंत्राला वाचायला मिळालेली मराठी फारच थोडी, त्यामुळे तपासणाऱ्याला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

आता जरा आमच्याच घरात डोकावू. या मालेची व्याख्यानं मुलुंडच्या एक ताई उतरवून काढतात. फोर्टमधल्या एका कचेरीत त्यांची सगळी नोकरी टायपिंगवर झाली. पूर्वी तासाभराचं व्याख्यान उतरवायला त्यांना चार संध्याकाळी लागत. गेल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेने त्यांना सॉफ्टवेअर दिलं. आता कच्चा मजकूर काही मिनिटांत तयार होतो आणि तपासायला दीड-दोन संध्याकाळी पुरतात. यंत्र ‘दांडेकर समिती’चं ‘दांडे कर समिती’ करतं, तेवढं बघावं लागतं.

मग उरलेल्या संध्याकाळींचं काय झालं? आम्ही जुन्या ध्वनिफितींची पेटी काढली आणि त्यांच्याकडे महिन्याला दुप्पट व्याख्यानं पाठवू लागलो. त्या पूर्वीइतक्याच संध्याकाळी बसतात. त्यांना विचारलं का? नाही. आम्हाला ते सुचलंच नाही. सत्तर वर्षांचा इतिहास तोंडपाठ असलेल्या आम्ही लोकांनी नेमकं तेच केलं, जे प्रत्येक साहेबाने केलं.

या व्याख्यानाची तयारी करताना आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि उशिरा का होईना, विचारलं. त्या म्हणाल्या, “ऐकून लिहिताना माणूस काय बोलतोय ते मला कळायचं, मजा यायची. आता मी नुसत्या चुका वेचते. थकायला जास्त होतं.” हे आमच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

तेव्हा मंडळाने ठरवलंय की पुढच्या महिन्यापासून किती व्याख्यानं घ्यायची हे ताई सांगतील, आणि जे त्यांना आवडेल ते एखादं त्या यंत्राविना, ऐकून लिहितील. मालेचा वेग थोडा कमी होईल, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तुमच्या कचेरीत नवं साधन येईल तेव्हा जरूर शिका. आमच्याकडे या, आम्ही शिकवू. पण पहिल्याच बैठकीत एक प्रश्न विचारून ठेवा: यातून जे तास वाचतील त्यांचं काय करायचं, आणि चूक झाली तर नाव कोणाचं लागणार? १९८३ साली बँकेतल्या कारकुनांनीही आपले प्रश्न टेबलावर मांडले होते. तुम्ही विचारायला हरकत नाही.

आजचं व्याख्यान ताईंकडेच जाणार आहे. त्यात काही चुकलं असेल तर ती चूक आमची.