श्रमाची सायकल

जावई आणि सायकल यांच्या बाबतीत मराठी माणसाचा पहिला प्रश्न एकच असतो : कंपनी कुठली? मी दुसरी सायकल घेतोय ही बातमी बँकेच्या काउंटरवरून मंडणगडच्या बाजारपेठेत पोचायला चहा येण्याइतका वेळ लागला आणि संध्याकाळपर्यंत निदान दहा जणांनी हा प्रश्न विचारून झाला. सायकल लांब पल्ल्याची, बारीक टायरची, एडक्याच्या शिंगांसारख्या हँडलची. दांडीवरचं नाव सगळ्यांना चाललं. अडलं ते गिअरवरच्या नावाशी. पहिलीचे गिअर शिमानोचे. शिमानो म्हटलं की माणसं मान डोलावतात, ज्यांना सायकल येत नाही तीसुद्धा. दुसरीवर होतं 'स्रॅम'.

"अहो, पण हे कोण?" सौ.नं विचारलं. पाहुण्याबद्दल विचारावं तसं.

पूर्वी बँकेत नवा माणूस खातं उघडायला आला, की त्याची ओळख द्यायला एक जुना खातेदार लागत असे. या स्रॅमची ओळख द्यायला मंडणगडात कोणी नव्हतं. मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. म्हटलं, आपणच कागदपत्रं तपासू. बसलो एकाची तपासायला आणि निघाली सगळ्यांचीच.

आता रॅलेच घ्या. आमच्या वडिलांच्या पिढीत रॅले म्हणजे सायकलींमधलं चित्पावन कूळ. पण हे नाव आलं कुठून, तर नॉटिंगहॅममधल्या एका रस्त्यावरून. कारखाना रॅले स्ट्रीटवर, म्हणून सायकल रॅले. म्हणजे कारखाना आमच्याकडे असता तर लोकांनी 'भिंगळोली'वर टांग मारली असती आणि ती कशी लोण्यासारखी चालते हे नातवंडांना सांगितलं असतं. बीएसएची तर आणखी तऱ्हा. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स : १८६१ साली बंदूकवाल्यांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे तिचं चिन्ह. कित्येक अहिंसावादी मास्तर ते चिन्ह मिरवीत शाळेत गेले असतील.

आणि ओळख नसलेल्या नावाची गोष्ट पाहायची तर इतकं लांब कशाला? १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपले बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचं दुकान काढलं. त्या काळी किर्लोस्कर म्हटलं की लोकांना आठवायचं 'सौभद्र'. अण्णासाहेब जाऊन तीनच वर्षं झालेली, नाटक मंडळी जोरात. या नावाच्या माणसाकडून पद घ्यावं, पंक्चर कसलं काढून घ्यायचं, असं एखाद्या बेळगावकराला वाटलं असेल तर त्याला दोष देता येत नाही. त्याच वर्षी तिकडे बेलफास्टला डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर पोराच्या तीनचाकीला हवेचं टायर बसवत होते. त्यांनाही टायरवाले म्हणून कोण ओळखत होतं? पुढे सायकलीच्या दुकानातून नांगर निघाला, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नाव इतकं मोठं झालं की सायकलीचं दुकान लोक विसरूनही गेले.

शिमानोचं कूळ पाहिलं तर तेही तसंच. जपानातलं साकाई हे तलवारींचं आणि ठासणीच्या बंदुकांचं गाव. तिथे १९२१ साली शोझाबुरो शिमानो यांनी कारखाना काढला आणि फ्रीव्हील बनवायला घेतलं. पायडल थांबवलं तरी चाक फिरत ठेवणारी ती टकटक चकती. आमचे सायकलवाले काका तिला फ्रायविल म्हणतात. मात्र गिअरमधली एक फार मोठी युक्ती शिमानोची नव्हे. साखळी ढकलणारा सांगाडा तिरपा बसवला, तर तो दात्यांच्या उताराला धरून सरकतो, हे १९६४ साली सनटूर या दुसऱ्या जपानी नावाखाली आलं. वीस वर्षांनी पेटंट संपलं, शिमानोनं तिरपेपणा घेतला, त्याला मोजून टक्‌ करणाऱ्या खटक्याची जोड दिली आणि बाजार उचलला. नव्वदच्या दशकात मूळ सनटूर संपलं. ठेव एकाची, व्याज दुसऱ्याला. बँकेत असं केलं तर चौकशी लागते.

गिअरलाच मुळात प्रतिष्ठा उशिरा आली. 'टूर द फ्रान्स' सुरू करणारे हेन्री देग्रांज यांचं म्हणणं, की गिअर म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय. शर्यतीत असला गिअर यायला १९३७ साल उजाडलं. या हिशेबानं मला अजून दोन वर्षं वाट पाहायला हवी. पण देग्रांजसाहेबांनी शेनाळे घाट पाहिलेला नव्हता.

राहता राहिला आमचा पाहुणा. जन्म १९८७, शिकागो. स्कॉट, रे आणि सॅम या तिघांच्या नावांतली अक्षरं जुळवून केलेलं नाव. हे कळल्यावर सौ.चं समाधान झालं. "म्हणजे भागीदारी आहे," ती म्हणाली.

काकांचं झालं नाही. त्यांचा सवाल व्यवहाराचा होता : कंपनी गेली तर सुटा भाग कुठून आणायचा? त्यांनी आसनसोलची सेन-रॅले जाताना पाहिली आहे. १९५१ पासूनच्या ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तोही ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनी. या प्रश्नाला इतिहास पुरत नाही, पाना लागतो. म्हणून सायकल आल्यावर काकांनी ती उलटी टांगली आणि दोन्ही घराण्यांची पत्रिका जुळवायला घेतली. मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा निघाला, तो पहिलीच्या चाकावर बिनतक्रार बसला. साखळी जुळली. जमलं नाही ते एकच : एकाचा खटका दुसऱ्याचा सांगाडा हलवीना. तार दोघांचीही साधीच, पण एका टकेला ती किती ओढायची याचं माप प्रत्येकाचं वेगळं. "नांदतील," काका म्हणाले, "फक्त स्वयंपाकघरं वेगळी ठेवा."

शिमानोला दोन खटके, याला एकच. थोडा दाबला की गिअर जड, लांबवर दाबला की हलका. म्हणजे जिथे चढ आणि दम कमी, तिथे जास्त दाबायचं. कर्जवसुलीत आम्ही वेगळं काय करतो?

पहिल्या साफसफाईचं बिल काकांनी वहीच्या पानावर लिहून दिलं : 'श्रम : १०० रुपये.'

"काका, हे सायकलीचं नाव की तुमची मजुरी?"

"साहेब," काका हात पुसत म्हणाले, "शंभरात दोन्ही धरलंय."