चूलपट्टी आणि चौसष्ट शाळा : क्योतो शहरातील एक पायी फेरी

कोणतेही जुने शहर समजून घ्यायचे असेल तर ते पायी हिंडावे, असे जाणते लोक सांगतात. वाहनातून शहर दिसते, पण कळत नाही. जपानमधील क्योतो हे तर पायी हिंडण्यासाठीच वसवले आहे की काय असे वाटावे, इतके ते सरळ रेषांचे आहे. इ. स. ७९४ मध्ये सम्राट कानमू याने येथे राजधानी आणली तेव्हा चिनी नगररचनेचा कित्ता गिरवून बुद्धिबळाच्या पटासारखे रस्ते आखले. बाराशे वर्षांनंतरही त्या पटाची घरे ओळखू येतात.

क्योतोला येणारे पाहुणे पुष्कळदा दोघाचौघांपुरता एखादा वाटाड्या ठरवतात. तो त्यांना सोन्याच्या पत्र्याने मढवलेले मंदिर दाखवतो, टेकडीवरचा कियोमिझूचा लाकडी सज्जा दाखवतो, गिओनच्या गल्ल्यांतून फिरवतो. हे सारे पाहण्याजोगेच आहे. परंतु वाचकहो, आज आपण जरा वेगळी वाट धरू. ही वाट चार-पाच किलोमीटरांची आहे. तीवर फारसे राजवाडे नाहीत, आहेत त्या शाळा. आणि माझ्या मते या शहराचे खरे मोठेपण याच वाटेवर आहे.

फेरीचा आरंभ निजो किल्ल्यापासून करू. १६०३ मध्ये तोकुगावा इएयासू याने बांधून पुरा केलेला हा किल्ला. याच किल्ल्यातील प्रासादात १८६७ साली शेवटचा शोगुन योशिनोबू याने सत्ता सम्राटाच्या स्वाधीन करण्याचा निर्णय आपल्या सरदारांना कळवला. अडीचशेहून अधिक वर्षांची तोकुगावा राजवट येथे संपली. सम्राटाच्या हाती सत्ता आली म्हणून त्याच्या राजधानीला आनंद व्हावा. पण घडले उलटेच. १८६८ मध्ये एदो शहराला तोक्यो हे नाव मिळाले आणि १८६९ च्या वसंतात सम्राट तिकडे गेला तो गेलाच. पाठोपाठ सम्राज्ञीही निघणार अशी बातमी पसरली तेव्हा क्योतोचे नागरिक राजवाड्याच्या दाराशी विनवण्या करण्यास जमले. उपयोग झाला नाही.

राजधानी जाणे म्हणजे काय, याचा विचार करा. दरबाराबरोबर सरदार गेले, सरदारांबरोबर रेशीम, पंखे आणि भांडी घेणारे गिऱ्हाईक गेले. त्याआधी पाचच वर्षे, १८६४ च्या लढाईत लागलेल्या आगीने शहरातील पंचवीस हजारांहून अधिक घरे भस्म केली होती. घर जळालेले, धंदा बसलेला आणि राजा परगावी गेलेला, अशा अवस्थेत हे शहर होते. अशा वेळी माणसे काय करतील? कोणी गाव सोडतील, कोणी नशिबाला बोल लावतील. क्योतोच्या लोकांनी शाळा बांधल्या.

किल्ल्याकडून ओइके रस्त्याने पूर्वेस एक किलोमीटरभर चालले की कारासुमा रस्ता लागतो. या चौकाजवळ तात्सुइके शाळेची इमारत आहे. १९९५ मध्ये ही शाळा बंद झाली आणि २००६ पासून तेथे जपानी चित्रकथांचे संग्रहालय भरते. हिरवळीवर बसून मुले आणि मोठी माणसेही पुस्तकात डोके खुपसून बसलेली दिसतात. शाळा गेली, वाचन राहिले!

याच भागात, एका गल्लीच्या अंतरावर, इशिदा बाइगान या गृहस्थाचे घर होते. हा शेतकऱ्याचा मुलगा. व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरी करता करता जमेल तसे वाचून तो शहाणा झाला. १७२९ मध्ये त्याने राहत्या घरी व्याख्याने सुरू केली. फी नाही, कोणाची शिफारस लागत नाही, बायकांनाही मज्जाव नाही. जो येईल त्याने बसावे आणि ऐकावे, अशी ती रीत होती. व्यापाऱ्याने सचोटीने धंदा केला तर त्याचा नफा हा सरदाराच्या तनख्याइतकाच मानाचा, हे त्याच्या शिकवणीचे एक मुख्य सूत्र होते. पुढे दीडशे वर्षांनी व्यापाऱ्यांनी शाळांसाठी थैल्या मोकळ्या केल्या, त्याची नांगरट अशी आधीपासून झालेली होती.

ओइके रस्त्यानेच आणखी थोडे पूर्वेस गेलो की आजचे एक माध्यमिक विद्यालय लागते. १८६९ साली क्योतोच्या चौसष्ट शाळांपैकी पहिली येथे उघडली. त्या एकाच वर्षात चौसष्ट प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. देशभरचा शिक्षणाचा कायदा आला तो १८७२ मध्ये. म्हणजे सरकारने हुकूम काढण्यापूर्वी तीन वर्षे हे शहर जागे झाले होते.

हे साधले कसे? शहराचे मोहल्ले एकत्र बांधून ‘बानगुमी’ नावाचे गट पाडले होते. साधारणपणे प्रत्येक गटाने एक शाळा काढावी असे ठरले. माकिमुरा मासानाओ नावाचा धडाडीचा अधिकारी या कामामागे होता. बांधकामासाठी प्रांताच्या सरकारकडून काही रक्कम मिळाली, बाकीचा भार मोहल्ल्याने उचलला. धनिकांनी देणग्या दिल्या. शिवाय प्रत्येक चुलीमागे पट्टी बसवली. तिला ‘कामादो-किन’ म्हणत. कामादो म्हणजे चूल. तेव्हा आपण तिला चूलपट्टी म्हणू. घरात शाळेच्या वयाचे मूल असो वा नसो, चूल पेटते त्या घराने पट्टी द्यायची. शेजाऱ्याच्या मुलाचे शिक्षण हे आपले काम आहे, हा विचार त्या पट्टीत होता. कित्येक ठिकाणी ही जमलेली रक्कम व्याजाने लावून त्यावर शाळेचा खर्च चालवण्याची व्यवस्थाही केली होती. नुसत्या उत्साहावर संस्था चालत नाही, हिशेबाची वहीही लागते, हे त्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते.

शाळेत वाचन, लेखन आणि गणित हे मुख्य विषय. पण ती केवळ मुलांची जागा नव्हती. मोहल्ल्याची बैठक तेथेच भरे, सरकारी कामकाज तेथेच चाले आणि आग दिसली तर इशारा देणारा टेहळणीचा मनोराही शाळेवरच असे. १८७२ मध्ये विचारवंत फुकुझावा युकिची या शाळा पाहण्यास मुद्दाम आले आणि त्यांनी त्यांच्याविषयी गौरवाने लिहिले.

आता थोडे मागे वळून दक्षिणेकडे मुरोमाची या कापडपेठेत जाऊ. येथील मेइरिन शाळा बाइगानचे शिष्य तेशिमा तोआन यांनी १७८२ मध्ये काढलेल्या व्याख्यानगृहाच्या जागीच सुरू झाली. आज दिसणारी इमारत १९३१ ची आहे. शाळा १९९३ मध्ये बंद झाली आणि २००० पासून तेथे शहराचे कलाकेंद्र आहे.

तेथून निशिकीच्या अरुंद बाजारातून, लोणची आणि मासळी पाहत, पुढे गेलो की जुन्या काइची शाळेत १९९८ मध्ये उघडलेले शाळांच्या इतिहासाचे संग्रहालय लागते. उएमुरा शोएन ही चित्रकर्ती या काइची शाळेची विद्यार्थिनी. जन्मापूर्वीच वडील वारले. आईने चहाच्या दुकानावर तिला वाढवले. १९४८ मध्ये जपानचे सांस्कृतिक पदक मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. चूलपट्टीचे फळ कोणाच्या पदरात पडले, याचे हे एक उदाहरण.

शेवटचा मुक्काम ताकासे कालव्याच्या काठी, जुन्या रिस्सेइ शाळेपाशी. ही शाळा येथे येण्यापूर्वी या जागी वीज कंपनीचे आवार होते. तेथे १८९७ मध्ये इनाबाता कात्सुतारो याने जपानमध्ये प्रथम ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र पडद्यावर उमटवून पाहिले. आपल्या मुंबईत वॉटसन हॉटेलात तोच खेळ ७ जुलै १८९६ रोजी झाला होता. हा इनाबाता कोण? क्योतो प्रांताने १८७७ मध्ये फ्रान्समधील ल्याँ येथे शिकण्यास पाठवलेल्या आठ तरुणांपैकी एक! रंगकाम शिकायला गेला, तेथे ल्युमिएर बंधूंपैकी एकाशी त्याची शाळासोबत झाली आणि पुढे येताना सिनेमा घेऊन आला. शिक्षणावर घातलेला पैसा कोणत्या रूपाने परत येईल हे आधी सांगता येत नाही.

शहराच्या मध्यभागी मुले कमी झाली तशा यांतील अनेक शाळा मिटल्या. रिस्सेइच्या आवारात २०२० पासून हॉटेल आहे. तरी जुनी इमारत राखली असून मोहल्ल्याच्या लोकांना जमण्यासाठी जागाही ठेवली आहे. पणजोबांनी चूलपट्टी भरून उभारलेली वास्तू परक्याची होऊ न देण्याची ही जिद्द आहे.

वाचकहो, राजा गेल्याने क्योतो ओस पडले नाही. ज्या वर्षी सिंहासन गेले त्याच वर्षी चौसष्ट ठिकाणी मुले पाटीवर बसली. आपल्या गावातील शाळेच्या दारावरून जाताना एकदा क्षणभर थांबून पाहावे. तिची पहिली वीट कोणाच्या चुलीतून आली, हे विचारावे; आणि आज आपल्या चुलीवर तिची किती पट्टी बाकी आहे, हेही.