डफडं उतरलं, त्याचा इतिहास कोण लिहील?

वर्धा जिल्ह्याचा सांस्कृतिक इतिहास म्हटला की पुस्तकात काय येतं ते आधी सांगून टाकतो. १९३६ साली गांधीजी सेगावला राहायला आले. १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ची. पवनारला विनोबांचा आश्रम. १९६९ साली वर्ध्यात मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष पु. शि. रेगे. १९९७ साली हिंदी विद्यापीठ. २०२३च्या फेब्रुवारीत पुन्हा संमेलन, ९६वं, अध्यक्ष न्या. नरेंद्र चपळगावकर. हे सगळं झालं, त्याची नोंद झाली, फोटो निघाले. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझा सवाल एवढाच आहे की या सगळ्या वर्षांत जिल्ह्याच्या गावागावात रात्रभर जे वाजत होतं, गायलं जात होतं, ते वाजवणारे-गाणारे कोणत्या पानावर आहेत?

मी हिंगणघाटकडचा. सूतगिरणीत रिंग खात्यात आहे, तिन्ही पाळ्या करतो. शाळा दहावीपर्यंत. पुढचं वाचन रात्रपाळी सुटल्यावर. इतिहास लिहायला डिग्री लागते असं काही लोक म्हणतात. ज्याच्या गळ्यात गावानं डफडं अडकवलं त्याला कोणी डिग्री विचारली नव्हती. वाज म्हटलं की वाजायचं.

पोळ्याला बैलांच्या पुढं कोण? वरातीपुढं कोण? मरीमायच्या पूजेला कोण? मयतीपुढं कोण? महार नाहीतर मांग. बोटं त्याची, चामडं त्याच्याच हातानं कमावलेलं, आणि ताल असा की म्हाताऱ्याचाही पाय हलावा. पण गावानं त्याला कलावंत म्हटलं नाही. ते त्याचं गावकीचं काम. मेलेलं ढोर ओढणं, सांगावा पोचवणं, लाकडं फोडणं, तसंच वाजवणं. मोबदला म्हणजे सुगीचं बलुतं आणि सणाचं उरलंसुरलं. देवापुढं वाजवायचं, पण पायरीच्या खाली उभं राहून. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली अस्पृश्यांना खुलं केलं. ती नोंद आहे आणि असायलाच पाहिजे. पायरीखाली पिढ्यान्‌पिढ्या वाजवत उभं राहिलेल्यांची मात्र नोंद नाही.

आता दुसरी गोष्ट. आमच्या भागातला महार नुसती गावकी करत नव्हता. तो जाडंभरडं कापड विणायचा. वर्ध्याच्या खोऱ्यातला कापूस, हिंगणघाटचा बाजार, घरात माग. मग १८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत हिंगणघाट आणि पुलगावलाही गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीच्या कापडापुढं हातमाग बसला. विणणारा माणूस गिरणीच्या फाटकात येऊन उभा राहिला. इथं एक गोष्ट घडली तिच्याकडं इतिहासवाल्यांचं लक्ष कमी गेलं. हातात रोख पगार आला तसा पाटलाच्या पोळ्याशी असलेला दोर सैल झाला. ज्याचं पोट बलुत्यावर नाही त्याला 'वाज' म्हणता येत नाही. किसन फागुजी बनसोडे यांनी नागपुरात १९१० साली आपला छापखाना काढला आणि १९१८ मध्ये 'मजूर पत्रिका' सुरू केली. कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) विडी मजुरांत राबले, 'जयभीम' हा नमस्कार त्यांनी रुजवला. विदर्भातल्या आमच्या लिहिण्याची मुळं अशी मजुरीत आहेत. साहित्य आधी आणि भाकर मागून, असं आमच्यात कधी झालं नाही.

गंमतीबद्दल सांगतो. खडी गंमत. खडी म्हणजे उभ्यानं करायची. स्टेज नाही, पडदा नाही. चौकात गॅसबत्ती टांगली, लोक चारी बाजूंनी बसले की झाली सुरू. ढोलकी, तुणतुणं, टाळ आणि बगलेत धरून वाजवायचा चोणका. आधी गण, मग गवळण, मग लावणी, मग झगडा. झगडा म्हणजे दोन शाहिरांचा सवाल-जवाब. एक तुऱ्याचा, तो शिवाची बाजू घेणार. दुसरा कलगीचा, तो शक्तीची. कोडं सुटलं नाही तर पहाटेपर्यंत सुटका नाही. बाईचं काम पुरुषानं लुगडं नेसून करायचं, त्याला नाच्या म्हणायचं. अक्षर न शिकलेले शाहीर पुराणातले दाखले तोंडपाठ फेकायचे. ज्या पोथीला हात लावायची बंदी, तिच्यावर रात्रभर वाद घालायचे! बतावणीत पाटलाची, सावकाराची, भटजीची टिंगलही चालायची. पाटील समोर बसून हसायचा. सकाळी त्याच शाहिराला तो पुन्हा वाड्याबाहेर उभं करायचा.

म्हणून मला 'गावात किती एकोपा होता, सगळे मिळून कला जपत होते' असलं लिहिणं वाचवत नाही. रात्री एकत्र हसणं आणि दिवसा शिवाशीव पाळणं, दोन्ही एकाच गावात आरामात चाललं.

फुल्यांच्या चळवळीतून सत्यशोधकी जलसे निघाले. मग बाबासाहेबांच्या चळवळीत आंबेडकरी जलसे आले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी १९३०च्या दशकात जलसा बांधला आणि तो गावोगाव नेला. साचा तमाशाचाच, पण आतला माल बदलला. गणपतीच्या गणाच्या जागी बाबासाहेबांना वंदन आलं. गवळण गेली. नाच्या गेला. बतावणीच्या जागी संवाद आला: ढोर ओढू नका, दारू सोडा, पोराला शाळेत घाला. कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून ठेवलं म्हणून तिकडचं निदान कळतं तरी. आमच्या इकडच्या शाहिरांनीही गंमतीच्या चालीवर भीमाची गाणी बांधली. त्यांचं पुस्तक कोणी लिहिलं नाही. ती गाणी वह्यांत राहिली, आणि वह्या पत्र्याच्या पेटीत.

मग १४ ऑक्टोबर १९५६. वर्ध्याहून नागपूर ७५ किलोमीटरच्या आसपास. माणसं रेल्वेनं गेली, बैलबंडीनं गेली, पायी गेली. दीक्षा घेतली, २२ प्रतिज्ञा घेतल्या आणि गावी परतली. आता देव सोडला तर देवापुढचं वाजवणंही सुटलंच की. गावोगाव डफडं खाली ठेवलं गेलं. हे बोलायला सोपं आहे. त्याची किंमत काय लागली? शेतावरची मजुरी बंद. ढोरं चरायला बंद. किराणा उधार बंद. विहिरीवरून भांडण. ज्यांची उपजीविका दुसऱ्याच्या शेतावर, त्यांनी हे केलं. कोणाच्या अनुदानासाठी केलं नाही, मेडलसाठीही नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुड्याला मी विचारलं, बाबा, वाजवणं सोडताना वाईट नाही वाटलं? तो म्हणाला, "हात थांबत नोते बापू. आमी थांबवले."

आता काही अभ्यासक येतात आणि म्हणतात, लोककला लोप पावत चालली, फार वाईट झालं. लोप पावायला ती काय नदी आहे? माणसांनी ती ठरवून खाली ठेवली. वाजवणाऱ्याला माणूस म्हणून उभं राहायचं होतं आणि ते गळ्यातलं ओझं घेऊन जमत नव्हतं. ज्याला ताल हवा होता त्यानं वाजवणाऱ्याची जात का नाही सोडली, हा सवाल त्या अभ्यासकांनी गावाला विचारावा.

आणि ताल गेला कुठं? कुठंच गेला नाही. ढोलकी भीमजयंतीला आली. पेटी आली. गंमतीचा झगडा होता तो कव्वालीच्या मुकाबल्यात आला. फरक एवढाच की शिव मोठा की शक्ती मोठी हा सवाल संपला. आता सवाल इतिहासाचा, घटनेचा, पोराच्या शिक्षणाचा. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरले, त्यांची गाणी ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्याही तोंडी बसली. आणि एक मोठी गोष्ट. गंमतीत बाईला जागा नव्हती, बाईचं सोंग होतं. भीमगीतात बाई स्वतः उभी राहून गाते, जयंतीच्या मांडवात, विहारात. सोंग गेलं आणि माणूस आला. ही कमाई मोजायला पाहिजे.

पण मित्रांनो, एक अवघड गोष्ट आपल्याच पानावर लिहायला हवी. महाराच्या गळ्यातलं डफडं उतरलं, तरी गावाला वाजवणारा हवाच होता. पुष्कळ गावांत ते सगळं ओझं मांगाच्या गळ्यात गेलं. आपण विहारात भीमगीत म्हणत होतो तेव्हा पलीकडच्या वस्तीतला माणूस पोळ्याला वाजवतच होता. आपल्यातल्या काहींनी त्याला हसून घेतलं. तो हसायचा विषय नव्हता. गिरणीत राबलेला, तमाशाचं लोकनाट्य करणारा, १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करणारा अण्णा भाऊ साठे त्याच समाजातला. अण्णा भाऊंचा फोटो लावायचा आणि शेजारच्या वाजंत्र्याला वेगळं मोजायचं, हे चालणार नाही. आता डीजे आला, त्यानं बँडवाल्याचं आणि डफडेवाल्याचं पोटही मारलं. सन्मानही नाही आणि मजुरीही नाही, असं त्याचं झालंय. आपला इतिहास लिहायचा तर त्याचाही त्यातच लिहावा लागेल.

२०२३च्या फेब्रुवारीत वर्ध्यात दोन मांडव पडले. ३ ते ५ तारखेला ९६वं संमेलन, आणि ४ व ५ तारखेला १७वं विद्रोही साहित्य संमेलन, अध्यक्ष चंद्रकांत वानखडे. विद्रोहीची सुरुवात १९९९ साली धारावीत बाबुराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली झाली होती. आपला मांडव वेगळा घालावा लागतो, याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. पण मांडव दोन दिवसांचा असतो. पत्र्याच्या पेटीतली वही बारा महिने वाळवी खाते. ज्यांनी १९५६च्या आधी गंमत पाहिली ती माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत. एकेक जातंय. त्यांच्याबरोबर चाल जाते. शब्द कागदावर राहतील, पण चाल कशी होती हे कोण सांगणार?

म्हणून एक काम सुचवतो. प्रत्येकानं आपल्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसावं आणि विचारावं: तुमच्या गावात गंमत कोण करायचं? ढोलकी कोणाची? डफडं कोणत्या साली खाली ठेवलं, कोणत्या सणाला? गावानं त्यावर काय केलं? तुमच्या आईनं जात्यावर भीमाची कोणती ओवी म्हटली? सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत लिहावं. शुद्ध करू नये. मोबाइल सगळ्यांकडं आहे, चाल त्यात भरून ठेवावी. वही सापडली तर मागून नेऊ नये, तिथंच बसून उतरवावी. आपल्या लोकांच्या वस्तू 'अभ्यासाला नेतो' म्हणून गेल्या आणि परत आल्या नाहीत, असं फार झालंय.

मी तीन घरांतून सुरुवात केली आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी वेळ मिळतो, तेव्हा जातो. तुम्ही लिहाल ते या पानांवर यावं, साध्या भाषेत, गावाच्या नावासकट. जयभीम.