बर्फाचें भाडें आणि वनाचा वाटा

सरकारी रानाच्या उत्पन्नावर हक्क कोणाचा, हा वाद अमेरिकेंत जुना आहे. १९०६ सालीं तेथील राष्ट्रीय वनांत गुरचराईवर शुल्क बसलें, तेव्हां पशुपालकांनीं मोठा गिल्ला केला. परंतु १९११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारचा अधिकार मान्य केला. तत्पूर्वींच, १९०८ च्या कायद्यानें, वनोत्पन्नाचा चतुर्थांश आसपासच्या शाळा व रस्ते यांसाठीं ठरला होता. उरलेला बहुतेक पैसा मध्यवर्ती खजिन्यांत जाई.

पुढें लांकूड व चराई यांच्या जोडीला बर्फ आला. पायांस लांब फळ्या बांधून घसरण्याचीं क्रीडास्थानें वनांच्या उतारांवर उभीं राहिलीं. १९८६ च्या कायद्यानें त्यांना ४० वर्षांपर्यंतचे परवाने मिळूं लागले; १९९६ मध्यें शुल्काची सांगड त्यांच्या मिळकतीशीं घालण्यांत आली. २००४ सालीं प्रवाशांच्या शुल्काचा मोठा भाग त्याच स्थळीं खर्चावा असें ठरलें, पण या परवान्यांना तो नियम लागला नाहीं. म्हणून २०१९ सालीं तसें विधेयक काँग्रेसपुढें आलें.

भूमि सर्व राष्ट्राची, म्हणून पैसाही सर्वांचा, हा युक्तिवाद खोटा नव्हे. तथापि गर्दीचा भार सोसतें तें तेथलेंच वन, आणि परवाने तपासतो तोही तेथलाच वनाधिकारी. दुभत्या गाईला वैरण घालण्यांत गवळ्याचेंच हित असतें.