खडकीची लढाई आणि देहूचा वाणी



दरवर्षी ज्येष्ठ वद्यात तुकोबारायांची पालखी आकुर्डीहून निघते, दापोडीला मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडते आणि आपल्या या खडकीच्या अंगाने पुण्यात शिरते. इथल्या माणसाला वारीसाठी लांब जावं लागत नाही, वारीच त्याच्या दारावरून जाते. एका वर्षी असाच रस्त्याच्या कडेला उभा होतो. कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पाया पडले आणि म्हणाले, "महाराज, देवावर माझा विश्वास आहे हो. पण रात्री दोनला डोळा उघडतो आणि हिशोब सुरू होतो. मुलाचं काय होणार, हप्ते कसे फिटणार. माळ हातात असते, डोकं मात्र भलतीकडेच. मग हा विश्वास म्हणायचा की काय म्हणायचं?"

पालखी पुढे गेली, गर्दीत ते दिसेनासे झाले. उत्तर द्यायचं राहून गेलं. ते आज देतो. उत्तर काही पोथीत शोधायला नको, या खडकीच्या मातीतच आहे.

तारीख ५ नोव्हेंबर १८१७. गणेशखिंडीच्या टेकड्या आणि मुळा नदी यांच्या मधल्या रानात दोन फौजा समोरासमोर उभ्या. पेशव्यांचं घोडदळ-पायदळ मिळून पंचवीस हजारांच्या वर, इंग्रजांची माणसं तीन हजारांच्या आत. सेनापती बापू गोखले मैदानात, आणि धनी बाजीरावसाहेब कुठे? पर्वतीवर. देवाच्या पायरीशी उभे राहून लढाई बघताहेत.

बाजीरावसाहेब नास्तिक होते का हो? मुळीच नाही. पूजाअर्चा होती, अनुष्ठानं होती, श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा होती. १८१५ च्या आषाढीला तर ते स्वतः पंढरपुरात होते. देवाचं काही कमी नव्हतं. पण मनाला स्वस्थता नव्हती. तरुणपणाची वर्षं नाना फडणवीसांच्या नजरकैदेत गेलेली. १८०२ साली होळकरांच्या भीतीने पुणं सोडून पळावं लागलेलं. अशा माणसाने कुणावर विसंबावं? तेव्हा त्यांना हसू नका, माउली. रात्री दोनला ज्याचा डोळा उघडतो, तो त्यांचाच भाऊबंद.

आता पुढे ऐका. लढाईचा हुकूम दिलेला. सगळं ठरलेलं. आणि ऐन वेळी मन फिरलं! मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नोंदवलं आहे, की बाजीरावांनी गोखल्यांकडे जासूद पाठवला, पहिली तोफ आपल्याकडून उडू देऊ नका म्हणून. बापूंनी जासूद येताना पाहिला, निरोप काय असणार हे ओळखलं, आणि तो पोचायच्या आत तोफा सुरू केल्या. धन्याची चिंता घोड्यावर बसून येत होती, आणि चाकर ती येण्याआधी आपलं काम करून मोकळा!

लढाई आपण हरलो. घोडदळाचा मोठा हल्ला चिखलदलदलीत फसला. मोरोपंत दीक्षित पडले. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, पुणं इंग्रजांच्या हाती गेलं. बापू गोखले पुढच्या फेब्रुवारीत आष्टीला तलवार हातात असताना पडले. बाजीरावसाहेब जूनमध्ये माल्कम साहेबाच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन गंगाकाठी बिठूरला गेले, आणि १८५१ पर्यंत जगले.

आता कुणी म्हणेल, "महाराज, हे कसं? जो धीराचा तो मेला, आणि जो घाबरट तो पेन्शन खाऊन जगला. मग विश्वासाचं फळ काय?" प्रश्न बरोबर आहे. याला बगल देऊन कीर्तन पुढे नेणं सोपं असतं, पण ते खरं होणार नाही. म्हणून आता दोनशे वर्षं मागे चला, आणि मुळेवरून इंद्रायणीकाठी, देहूला चला.

तिथे एक वाणी राहत होता. घरात महाजनकी, दुकान, सावकारी. आईबाप गेले, भावजय गेली, थोरला भाऊ विरक्त होऊन तीर्थांना निघून गेला. आणि मग १६२९ पासूनचा तो दुष्काळ. दख्खनची गावंच्या गावं ओस पडली. तुकोबांचं दिवाळं निघालं. पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. हे मी पदरचं सांगत नाही, महाराजांनी आपल्या अभंगात स्वतःच सांगून ठेवलंय. लाजेने जीव नकोसा झाला, हेही त्यांनी लपवलं नाही.

म्हणजे देवावर विश्वास ठेवल्याने तुकोबांची बायको वाचली नाही. हे आधी कबूल करा. विश्वास म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे, की मी नाम घेतो आणि तू माझं घर सांभाळ. तो सौदा दुष्काळात पहिल्या झटक्याला मोडतो. सौदा मोडल्यावर जो उरतो, तो विश्वास.

मग तुकोबांनी केलं काय? डोंगरावर जाऊन बसले, एवढंच आपण सांगतो. पण नीट बघा. विश्वंभरबाबांच्या वेळचं विठ्ठलाचं देऊळ पडलं होतं, ते उभं करायला घेतलं. घर मोडलेला माणूस चिखल तुडवतोय, दगड उचलतोय! सगळ्या संसाराचं कोडं आज सुटणार नाही, पण ही भिंत आज वीतभर वर येईल. विचार आणि चिंता यांतला फरक हाच, माउली. विचार हाताला काम देतो, चिंता हातातलं काम काढून घेते. बापू गोखल्यांच्या हातात काम होतं, म्हणून निकाल काहीही लागो, त्यांचा तो दिवस वाया गेला नाही. पर्वतीवर मात्र नुसतं बघणं होतं, आणि नुसतं बघणाऱ्याला सगळं जास्तच भयंकर दिसतं.

दुसरी गोष्ट खतांची. लोकांकडून येणं असलेल्या कर्जाचे कागद घरात होते. तुकोबांनी ते इंद्रायणीत बुडवले, हे सगळ्यांना ठाऊक. पण किती बुडवले? निम्मे! निम्मे धाकट्या भावाला, कान्होबांना, वाटून दिले. माझा भार मी विठोबावर टाकीन, पण माझ्या विश्वासासाठी भावाच्या ताटातली भाकरी काढून घेणार नाही. बघा किती न्याय आहे यात! 'देव बघून घेईल' म्हणत मुलाची फी न भरणारा माणूस भक्त नाही, तो फुकट्या. देवावर टाकायची ती आपली काळजी, आपली जबाबदारी नव्हे.

आणि तिसरी गोष्ट जिजाईंची. तरुणपणी मीही कीर्तनात आवलीची भांडणं रंगवून सांगितली आणि हशा मिळवला. आज त्याची लाज वाटते. डोंगर चढून भाकरी कोण नेत होतं? तुकोबांचा विश्वास त्या टोपलीतूनच जेवला. देव आपली काळजी घेतो तेव्हा आकाशातून हात येत नाही. कुणाची बायको, कुणाचा शेजारी, कुणी कारखान्यातला जोडीदार येतो. ती भाकरी ओळखायला शिकणं, हाही विश्वासच.

म्हणून त्या गृहस्थांना सांगायचं ते असं. बाबा, रात्री दोनला डोळा उघडला तर स्वतःला नास्तिक समजू नका. उठा, पाणी प्या. उद्या सकाळी करता येईल असं एकच काम ठरवा: कुणाला भेटायचं, कुठला कागद करायचा. तो तुमचा कान्होबाचा वाटा. बाकीची खतं नाम घेत इंद्रायणीत सोडा. सकाळी ती पुन्हा वर आलेली दिसतील, तर पुन्हा सोडा. एका रात्रीत हे कुणाला जमलेलं नाही. तुकोबांनाही डोंगराची वाट अनेकदा चढावी लागली.

ज्या रानात ती लढाई झाली, त्याच्याच कडेने आज तुकोबांची पालखी टाळमृदंगाच्या गजरात जाते. पुढच्या ज्येष्ठात ती आली की रस्त्याच्या कडेला नुसते बघत उभे राहू नका. चार पावलं बरोबर चाला.

रामकृष्णहरी!