महर्गता, मंदी आणि गव्हाणची भातजमीन

मालाला उठाव नाहीं, कारखान्यांत काम नाहीं, आणि तरीहि भाव चढतच आहेत, ही स्थिति जुन्या अर्थशास्त्राला अपरिचित होती. मंदी आली कीं भाव उतरावयाचे, हाच त्याचा पाठ. १९७३ सालच्या ऑक्टोबरांत पश्चिम आशियांत युद्ध पेटलें, तीन महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला, आणि तो पाठ खोटा ठरला. विलायतेंत खाणकामगारांच्या लढ्यामुळें कोळसा अपुरा पडूं लागला. तेव्हां हीथ सरकारनें १९७४ च्या जानेवारीपासून कारखान्यांना आठवड्यांतून तीनच दिवस वीज देण्याचें ठरविलें. फेब्रुवारीच्या निवडणुकीनंतर तें सरकारच गेलें. पुढें १९७६ सालीं ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारांत कर्जासाठीं उभें राहावें लागलें. ज्यांनीं हिंदुस्थानचा जमाखर्च इतकीं वर्षें लिहिला, त्यांची ही अवस्था!

हिंदुस्थानांत १९७० पासून अर्थखातें यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होतें. १९७१ चे निर्वासित आणि युद्ध, १९७२ चें अवर्षण, आणि त्यावर हें तेल. मुंबईंत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारीपणाखालीं गृहिणी लाटणीं घेऊन रस्त्यावर आल्या. गव्हाचा घाऊक व्यापार सरकारनें १९७३ सालीं हातीं घेतला आणि वर्षभरांत सोडून दिला. तो प्रयोग फसला, हें कबूल केलेंच पाहिजे. १९७४ च्या जुलैमध्यें मात्र चव्हाणांनीं कडू औषध काढलें. वटहुकूम निघाला: नवी पगारवाढ सगळी आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीनें ठेवींत जमा करावयाचा. बँक दर ७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर गेला. १९७४-७५ सालीं घाऊक भाव सरासरीनें सुमारें २५ टक्के चढले होते. पुढल्या सालीं ते किंचित् उतरले. त्यांत अर्थमंत्र्याचा वांटा किती आणि १९७५ च्या चांगल्या पावसाचा किती, याचा वाद आहे. चव्हाण तर ऑक्टोबर १९७४ मध्येंच परराष्ट्रखात्यांत गेले होते.

पगारदार कुरकुरला, पण त्याला निम्मा भत्ता तरी हातांत मिळत होता. तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील, पनवेल तालुक्यांतल्या गव्हाणच्या शेतकऱ्याला भत्ता कसला? खाडीकांठची भातजमीन हाच त्याचा ठेवा. नवी मुंबई वसविण्यासाठीं १९७० सालीं सिडको स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल, उरण या तालुक्यांतील ज्या ९५ गांवांची जमीन या शहरासाठीं नेमण्यांत आली, त्यांत गव्हाणहि होतें.

कायदा होता इंग्रज सरकारचा, १८९४ चा. जमिनीची किंमत अधिसूचना प्रसिद्ध होईल त्या दिवसाच्या बाजारभावानें ठरवावयाची, असें त्याचें कलम. इंग्रजी अमदानींत, भाव संथ असतांना, त्यांत फारसें कांहीं वावगें वाटलें नसेल. पण अधिसूचना आज, निवाडा कित्येक वर्षांनीं, आणि मधल्या काळांत तांदूळ, कापड, घराची कौलें सारेंच महाग झालेलें! रुपया तोच, त्यांत मावणारें धान्य निराळें. दिल्लीला महर्गता हें वर्षा-दोन वर्षांचें दुखणें होतें. गव्हाणला तें मोबदल्याच्या कागदावर कायमचें उतरलें.

या असंतोषाला दि. बा. पाटील यांनीं वाचा फोडली. १९८४ च्या जानेवारींत, १६ व १७ तारखांस, जासईच्या परिसरांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच शेतकरी मृत्युमुखीं पडले. त्याच वर्षीं सप्टेंबरांत संसदेनें १८९४ च्या कायद्यांत दुरुस्ती केली. या दोन गोष्टींची गांठ घालणें धाडसाचें होईल. दुरुस्ती साऱ्या देशासाठीं होती. परंतु तिनें अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत, किंवा ताबा आधीं घेतल्यास ताब्यापर्यंत, किंमतीवर सालिना १२ टक्के जादा रक्कम देवविली, तोषणद्रव्य १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेलें, आणि निवाडा दोन वर्षांत न झाल्यास संपादनच रद्द ठरविलें. नवी मुंबईच्या भूमिपुत्रांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्यानंतर आली.