निळ्या उजेडाची कुळकथा

साकोली-लाखांदूरकडून भंडाऱ्याला आलेली आजी एवढंच सांगते, ‘बाळाला पेटीत ठेवलंय.’ उबेची पेटी वेगळी आणि काविळीचा निळा दिवा वेगळा. पण लोकांच्या तोंडी दोन्ही पेटीच. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे इथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. ‘पेटी’ या शब्दाला तेव्हापासून तीही आठवण चिकटलेली आहे.

निळ्या दिव्याचं मूळ मात्र उन्हात आहे. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हाला नेत. आपल्याकडे तेल-मालिश झाल्यावर कोवळ्या उन्हात धरतात, तसंच. एकदा डॉक्टरांच्या फेरीत त्यांनी एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग निवळलेलं, पण एक तुकडा पिवळाधमक. फेरीतल्या डॉ. डॉब्ज यांना वाटलं, आयोडीन फासलंय. तसं काही नव्हतं. तिथे चादरीचं टोक पडलं होतं. पुढे काविळीच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहून गेली, तर तिच्यातलं बिलिरुबिन, म्हणजे अंग पिवळं करणारं द्रव्य, उतरलेलं निघालं. तिथल्याच डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी मग निळ्या नळ्यांचा दिवा बांधला आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. निळ्या उजेडात बिलिरुबिनचा घाट बदलतो आणि ते पित्तावाटे, लघवीवाटे निघून जातं. इतकी मोठी गोष्ट, आणि ती आधी दिसली ती सिस्टरला!

तरी सगळ्याच काविळीला ऊन पुरत नाही. आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी, नाहीतर आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं, तर आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरून त्याच्या तांबड्या पेशी फोडू शकतात. निगेटिव्ह आईचं पहिलं बाळ बहुधा सुटतं, पुढच्याला फटका बसतो. ओ गटात पहिलंही सापडतं. साधी कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, ही रक्तगटाची कावीळ चोवीस तासांच्या आत दिसू शकते. बिलिरुबिन मेंदूत शिरलं तर इजा कायमची. दिव्यानेही आवरलं नाही तर बाळाचं रक्तच बदलावं लागतं.

डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, अशा थाटात बाळ उजेडात पडलेलं असतं. दूध पाजायला तेवढं बाहेर काढतात. आजी दारातून विचारते, ‘सकाळचं ऊन दाखवू का जरा?’ तिचा प्रश्न अडाणी नाही. फक्त या काविळीला खिडकीतलं ऊन कमी पडतं.